स्वस्त टीव्ही, महाग टीव्ही आणि मधला डाग

सिंगापूरमधली घरं मी बहुतेक टीव्हीच्या मागच्या बाजूने पाहिली आहेत. भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी जागा असते. तिथे धूळ असते, मुंग्या असतात, पेन्सिलींचे तुकडे असतात आणि घरच्यांना ठाऊक नसलेली एखादी पाल असते. पुढच्या बाजूला सोफा, कुशन, कुटुंबाचा हसरा फोटो. दोन्ही बाजू एकाच घराच्या. मला पगार मागच्या बाजूसाठी मिळायचा.

एका टीव्ही कंपनीच्या सर्व्हिस विभागात माझी सगळी नोकरी झाली. आमचं वर्कशॉप क्वीन्सटाउनजवळ होतं. सकाळी तिथून व्हॅन निघायची ती संध्याकाळीच परत यायची. पुण्यात असताना जुने, काचेच्या नळीचे टीव्ही दुरुस्त करायला शिकलो होतो. इथे आल्यावर ते शिक्षण हळूहळू निरुपयोगी होत गेलं. पूर्णपणे झालं नाही, ते का, ते पुढे येईलच.

निवृत्त झालो तरी मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी गाठतंच. हातात प्रसादाची वाटी, आणि प्रश्न एकच. "शिंदेकाका, ओएलईडी घेऊ की साधा एलईडी?"

"टीव्ही कुठल्या भिंतीवर लावणार?" मी विचारतो.

मी उत्तर टाळतोय असं लोकांना वाटतं. टाळत नसतो. साध्या, स्वस्तातल्या एलईडी टीव्हीत पडद्याच्या मागे दिव्यांच्या पट्ट्या असतात. पुढचा पडदा तो उजेड कुठे सोडायचा, कुठे अडवायचा एवढंच ठरवतो. काळी रात्र दाखवायची असली तरी मागचे दिवे चालूच, म्हणून त्या टीव्हीतली रात्र थोडी राखाडी असते. ओएलईडीत मागे दिवा नसतोच. पडद्यावरचा प्रत्येक बिंदू स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. काळा म्हणजे खरोखर विझलेला. एकदा ते चित्र अंधारात पाहिलं की साधा टीव्ही डोळ्यांना बेचव लागतो, हे खरं आहे. पण इथल्या फ्लॅटमध्ये अंधार मिळायला तर हवा. एक अख्खी भिंत खिडक्यांची, आणि ऊन बारा महिने. दुपारी दोन वाजता त्या महागड्या काळ्याभोर पडद्यात आपलंच तोंड, पंखा आणि वाळत घातलेले टॉवेल दिसतात. स्वस्त टीव्हीचा पडदा बऱ्याचदा खरखरीत, बिनचमकीचा असतो, त्याच्यात एवढं प्रतिबिंब पडत नाही. उलट कोपऱ्यात बसून भाजी निवडता निवडता मालिका बघायची असेल, तर अनेक स्वस्त टीव्हींचे रंग बाजूने धुऊन निघाल्यासारखे दिसतात, ओएलईडीचे जवळपास तसेच राहतात. म्हणून आधी भिंत, मग माणसं, आणि शेवटी टीव्ही.

शहराच्या उत्तरेला, यिशुन भागात एक चिनी अंकल होते. एकटेच राहायचे. त्यांचा साधा एलईडी टीव्ही बंद पडला म्हणून गेलो, तर त्यांनी दारातच सिंगापुरी इंग्रजीत निदान सांगितलं. "साउंड हॅव, पिक्चर डोन्ट हॅव."

आमच्या धंद्यात या तक्रारीचा अर्थ बहुतेक वेळा ठरलेला असतो. मी टॉर्च काढून पडद्यावर तिरका धरला. उजेडाच्या गोलात एक बाई कढईत काहीतरी परतताना दिसली. स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता. चित्र शाबूत होतं, मागचे दिवे तेवढे गेले होते. अंकलनी माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि पडद्यावर फिरवत अख्खी पाककृती बघून संपवली. मी शेजारी उभा. दिव्यांच्या पट्ट्या बदलून दिल्या आणि म्हटलं, "अंकल, नवीन घ्या आता." ते म्हणाले, "व्हाय? यू ऑलरेडी रिपेअर, वॉट." म्हणजे, दुरुस्त केलास ना, मग कशाला? पुढेही त्यांच्याकडे दोनदा जाणं झालं. एकदा पुन्हा पट्ट्या, एकदा पाल. पाल पॉवरच्या बोर्डवर चिकटून मेली होती. स्वस्त टीव्हीचं हे एक बरं असतं, त्याला काय झालंय ते समजतं आणि बहुतेक वेळा दुरुस्तही होतं.

महाग टीव्ही रुसतो. तांजोंग पगार भागात एका मराठी बँकरच्या कॉन्डोमध्ये ओएलईडीच्या तळाशी एक फिकट पट्टा उमटला होता. चॅनल कुठलंही लावा, पट्टा तिथेच. हा बँकर घरून काम करायचा तेव्हा शेअरबाजाराच्या बातम्यांचं चॅनल दिवसभर चालू ठेवायचा, आणि त्या चॅनलची खालची पट्टी पडद्यावर वस्तीला आली होती. ओएलईडीतले बिंदू स्वतः जळतात, त्यामुळे एकच चित्र सतत दाखवलं तर तिथले बिंदू आधी म्हातारे होतात. त्यावर उपाय म्हणून टीव्ही बंद केल्यावर आतल्या आत स्वतःची झाडलोट करतो. पण त्यासाठी भिंतीवरचा स्विच चालू लागतो. आणि या घरात ठाण्याहून आलेले त्याचे वडील होते. टीव्ही बंद झाला की ते उठून भिंतीवरचा स्विचही बंद करायचे, न चुकता.

"बाबा, तुमच्यामुळे झालं हे," मुलगा म्हणाला.

"मी चाळीस वर्षं स्विच बंद करतोय. कधी काही झालं नाही," वडील म्हणाले. "तू दिवसभर ते आकडे लावून बसतोस, त्याचं काय?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांचंही बरोबर होतं, आणि मी तसं सांगितल्यावर दोघेही माझ्यावर नाराज झाले. सर्व्हिसवाल्याला हे चालतं.

पण मला लिहायचं आहे ते विजयाताईंबद्दल.

विजयाताई कोल्हापूरच्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसणाऱ्या. नवरा गेल्यानंतर त्या वर्षातला बराच काळ क्वीन्सटाउनला मुलाकडे, निखिलकडे राहायच्या. निखिल एका फायनान्स कंपनीत अकाउंटंट होता. घरात तो, त्याची बायको अदिती आणि त्यांची आठ वर्षांची मीरा. विजयाताई खात्याच्या स्पर्धांमध्ये बॅडमिंटन खेळलेल्या होत्या आणि अजूनही सामने बघायच्या, नुसत्या बघायच्या नाहीत तर भांडून बघायच्या.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्याकडे आमच्याच कंपनीचा साधा एलईडी होता, सर्वांत स्वस्तातला. तक्रार अशी की पडद्यावर मध्येच मळकट डाग दिसतो.

"कुठे दिसतो, ताई?" मी विचारलं.

"मध्ये. म्हणजे कधी थोडा इकडे, कधी तिकडे. बोट पुसून ठेवल्यासारखा."

मी पडदा पूर्ण पांढरा करून पाहिला. स्वस्त पॅनेलमध्ये मागचा उजेड सगळीकडे सारखा पसरत नाही, ढगाळल्यासारखे भाग दिसतात. या टीव्हीत तसे दोनतीन होते, एक मध्याच्या जवळच. मी ते निखिलला दाखवलं आणि म्हटलं की या किमतीत हे चालायचंच. मी सांगितलेलं खोटं नव्हतं. फक्त विजयाताई सांगत होत्या तो डाग हा नव्हता, आणि ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

निखिल म्हणाला, "आई दिवसभर घरात असते, काका. तिला एवढा एकच विरंगुळा आहे. चांगलाच घेऊन टाकतो." त्याने ओएलईडी घेतला. जुना टीव्ही विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या सौरभ नावाच्या मुलाला देऊन टाकला. सौरभ निखिलच्या मित्राचा भाऊ, भाड्याच्या खोलीत राहायचा. फुकटात टीव्ही मिळाला म्हणून तो खूश होता.

नवीन टीव्ही लावून काही आठवडे झाले आणि त्यांची तक्रार पुन्हा माझ्या नावावर आली. मी गेलो. दुपारची वेळ होती, मीरा नुकतीच शाळेतून आली होती. विजयाताई सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. निखिल कामातून वेळ काढून घरी थांबला होता आणि त्याचा चेहरा सांगत होता की हा विषय घरात बराच चावून झालेला आहे.

"यातही डाग आहे," विजयाताई म्हणाल्या.

मी पांढरा, लाल, हिरवा, निळा असे एकेक रंग पूर्ण पडद्यावर लावले. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. पडदा स्वच्छ होता.

"आई, काही नाहीये तिथे," निखिल म्हणाला. "मी किती वेळा सांगितलं."

"आज्जी, नथिंग देअर लाह," मीरा शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली आणि पडद्याजवळ जाऊन मध्यभागी बोट ठेवलं. "सी?"

"तुझं बोटच मला नीट दिसत नाहीये," विजयाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पण मी बराच काळ लोकांच्या घरांत उभा राहिलेला माणूस आहे. आपल्यावर घरात कुणाचा विश्वास नाही हे ज्याला कळलेलं असतं, त्याचा आवाज कसा सपाट होतो ते मला ओळखता येतं.

दोष सापडला नाही असं मी कळवलं. निखिलने मात्र दुकानाचा पिच्छा पुरवला. आईवर वैतागत होता, पण तिची तक्रार त्याने सोडली नाही, हेही नोंदवायला हवं. टीव्ही नवीनच होता, दुकानाने शेवटी बदलून द्यायचं कबूल केलं. दुसरा ओएलईडी लावायला मीच गेलो. पॅनेल पापडासारखं असतं, दोघांनी धरून भिंतीवर चढवावं लागतं. एक बाजू निखिलने धरली. अदितीही त्या दिवशी घरी होती. टीव्ही चालू केला, बॅडमिंटनचा सामना लावला. सगळे टीव्हीकडे न बघता विजयाताईंकडे बघत होते.

त्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "नव्यातही आलाय तो."

निखिल खुर्चीवर बसला. "आई, प्लीज."

"मी काय मुद्दाम सांगतेय का रे? आणि ती रेघ बघ. सर्व्हिस लाइन. मध्ये वाकलीय."

"म्हणूनच तू रोज आउट आउट म्हणून ओरडत असतेस," निखिल वैतागून म्हणाला. "शटल चांगलं आत पडलेलं असतं."

मी अवजारं आवरत होतो, ते थांबवलं. डाग ठीक आहे, पण रेघ वाकणं या टीव्हीत शक्य नव्हतं. नळीच्या टीव्हीत रेघा वाकायच्या. कडेला फुगायच्या, मध्ये चेपायच्या, आणि त्या सरळ करण्यात माझी तरुणपणची कित्येक वर्षं गेली. आताच्या सपाट पॅनेलमध्ये बिंदू जागच्या जागी बसवलेले असतात. पॅनेल फुटेल, विझेल, त्यावर पट्टे येतील. भिंतीवरचा टीव्ही सरळ असताना रेघ तेवढी मध्येच वाकणार नाही.

"निखिल, तो जुना टीव्ही दिलास त्या मुलाला फोन लाव," मी म्हटलं.

"सौरभला? कशाला?"

"विचार, डाग दिसतो का."

त्याने फोन स्पीकरवर टाकला. सौरभ बहुधा प्रयोगशाळेत होता, मागे कसलीतरी घरघर चालू होती.

"नाही दादा, मस्त चालतोय. डाग? नाही. पूर्ण अंधार केला तर थोडं ढगाळ वाटतं, बाकी काही नाही. का हो, परत हवाय का?"

"नको, नको," निखिलने फोन ठेवला.

तिन्ही टीव्हींत डाग, आणि पाहणारं माणूस तेवढं एकच. हे माझ्या लक्षात आलं त्याच वेळी बहुधा अदितीच्याही आलं, कारण ती उठून सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

माझ्या पेन ड्राइव्हमध्ये नळीच्या काळातलं एक चित्र अजून होतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांची जाळी, चौकोनच चौकोन. तेव्हा रेघा सरळ आहेत का ते त्यावर तपासायचो. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण सवयीने जपलेलं होतं. मी ते लावलं आणि विजयाताईंना म्हटलं, "मधल्या चौकोनाकडे बघा. काय दिसतं ते सांगा. बरोबर-चूक असं काही नाही."

त्या पुढे सरकून बसल्या. "कडेचे चौकोन चांगले आहेत. मधले ओढल्यासारखे झालेत. खिळ्याला कापड अडकून ताणलं जावं तसे. आणि अगदी मध्ये काही नाहीच."

मी पुढे काय विचारायचं या विचारात होतो. त्याआधीच त्यांनी डावा तळहात उचलून डाव्या डोळ्यावर ठेवला. मग उजवा तळहात उजव्या डोळ्यावर. मग पुन्हा डावा. टेलिफोन खात्यात लाइन खराब असली की बिघाड या टोकाला आहे की त्या टोकाला, हे आधी पाहायचे, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "उजवा झाकला की सगळं सरळ आहे. निखिल, बिघाड माझ्यात आहे रे."

निखिल उभा राहिला होता. "आई, तुला आधी कळलं नाही? पेपर वाचताना, काही?"

"चष्म्याचा नंबर वाढला असेल वाटलं. कोल्हापूरला गेल्यावर दाखवणार होते. आणि टीव्हीचं म्हणशील, तर तो स्वस्तातला होता म्हणून वाटलं. हा महागाचा आला तेव्हा वाटलं, आता जाईल."

मी म्हटलं, "मी डॉक्टर नाही. पण उद्यावर टाकू नका."

त्याच दुपारी निखिल आणि अदिती त्यांना डोळ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. मी दुसऱ्या ग्राहकाकडे गेलो. तिथे रिमोट चालत नव्हता, सेल उलटे घातले होते.

निखिलचा फोन दोन दिवसांनी आला. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे नाजूक रक्तवाहिन्या वाढून त्या पाझरत होत्या. वयोमानाने होणारा आजार. उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन, आणि ते ठरावीक अंतराने घेत राहायचं. गेलेलं सगळं परत मिळेल असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. असाच आणखी काही काळ गेला असता तर आहे तेही राहिलं नसतं, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं होतं. डाव्या डोळ्यावरही लक्ष ठेवावं लागणार होतं.

मग तो म्हणाला, "काका, मी तिला म्हणायचो, तुझा भास आहे. मीरासमोर म्हणायचो."

"तू दोन टीव्ही आणलेस त्यांच्यासाठी," मी म्हटलं. खरं होतं म्हणून म्हटलं. त्याचं समाधान झालं नसावं.

फोन विजयाताईंनी घेतला. "शिंदे, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला जाळी दाखवली. अगदी तुमच्यासारखी, पण कागदावर. मी म्हटलं, मी ही आमच्या टीव्हीवर बघून आलेय. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय." आणि त्या हसल्या. इंजेक्शनची भीती वाटते का, असं मी विचारलं. "वाटते ना," त्या म्हणाल्या. "डोळ्यात सुई घालणार म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही?"

काही महिन्यांनी मी त्यांच्याकडे पुन्हा गेलो, या वेळी तक्रार नव्हती. दुपारच्या उन्हात पडदा आरशासारखा होतो म्हणून टीव्ही खिडकीसमोरच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीवर हलवायचा होता. खरं तर हे आमचं काम नव्हे, पण निखिलने मलाच बोलावलं. तेव्हा मला समजलं की विजयाताईंच्या उजव्या डोळ्याला मध्यभागी धूसर ठिपका कायमचा राहिला होता, पण रेघा बऱ्याच सरळ झाल्या होत्या. वाचन कमी झालं होतं. सामने चालू होते. निखिल आता शटल आत की बाहेर यावर त्यांच्याशी वाद घालत नव्हता, आणि त्यामुळे त्या जरा चिडल्या होत्या. "हा हल्ली लगेच हो म्हणतो," त्या मला म्हणाल्या. "मजा गेली."

टीव्ही लावून झाल्यावर त्यांनी मला चहासाठी थांबवलं. महिला एकेरीचा सामना होता. त्या नेहमीसारख्या ताठ बसल्या होत्या, डावा डोळा हाताने झाकलेला, आणि तोंड टीव्हीच्या जरा बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराकडे. डॉक्टरांनी सांगितलेला सराव नव्हता हा, त्यांचा त्यांनीच शोधून काढलेला होता. डाव्या डोळ्याचं काही झालंच तर आधीच सवय असावी म्हणून रोज थोडा वेळ उजव्यानेच बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मीरा त्यांच्या मांडीला टेकून बसली होती.

"आज्जी, व्हाय यू लुकिंग देअर? टीव्ही इज हिअर, वॉट."

"इकडे बघितलं तर डाग आडवा येतो. तिकडे बघितलं की मला इकडचं दिसतं," विजयाताई म्हणाल्या. तेवढ्यात रॅली संपली. "आउट!" त्या ओरडल्या. खरंच आउट होतं.

त्या संध्याकाळी घरी जेवण झाल्यावर मी आमच्या टीव्हीसमोर बसलो. एक डोळा झाकला, तोंड दाराकडे केलं आणि बातम्या बघायचा प्रयत्न केला. मला जमलं नाही. नजर सारखी मध्ये येत होती.